पाय लागला तर

देवासला पागेमागचं मैदान अजून आहे. मैदान आपलं म्हणायला. परवा पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. मांडवात दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी 'आजोबा, बसा बसा' म्हणून खुर्ची पुढे करायला लागलं, तसा मी उठलो आणि सरळ तिकडे चालू लागलो. म्हातारं माणूस दिसलं की लोकांना त्याला बसवायची भारी घाई. पागा गेली, घोडे गेले, खरारे करणारे गेले. तिथे आता मोटारी धुतात. पण भिंतीजवळ नाक नेलं, हसा खुशाल, तर त्या विटांना अजून ओल्या गवताचा, लिदीचा आणि जवसाच्या तेलाचा वास येतो. निदान मला आला.

जवसाचं तेल आम्ही मोज्यांना चोळायचो. मुष्टियुद्धाचे ते चामडी हातमोजे, आत घोड्याचे केस भरलेले, महूच्या छावणीत गोऱ्या शिपायांनी वापरून टाकलेले. जोड्या दोन, आणि हात घालणारे आम्ही सात जण. आत हात घातला की आधीच्याचा घाम गार लागायचा. एका मोज्याची शिवण कायमची उसवलेली. त्याचा मार खाल्ला की भुवईला घोड्याचे केस चिकटायचे, आणि घरी गेल्यावर माझी आई, माई, ते एकेक करून काढायची.

जर्मन लढाईच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा देवासात एका गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एक महाराज, त्या कडेला दुसरे. माझे वडील, तात्या, धाकट्या पातीच्या दफ्तरात कारकून होते आणि मैदान पडलं थोरल्या पातीत. म्हणजे मी रोज सकाळी रस्ता ओलांडून परराज्यात जायचो आणि मार खाऊन परत यायचो. तात्यांना तेच जास्त झोंबायचं. "मार खायचाच तर आपल्या राज्यात काय तोटा आहे?" असं ते पंचाचं टोक झटकत म्हणायचे.

मी सतरा वर्षांचा होतो आणि काडीसारखा होतो. कुस्तीच्या आखाड्यात गेलो तर तिथल्या वस्तादांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, आधी जेवून ये." मला इतका राग आला की मी दोन दिवस जेवलोच नाही. तिसऱ्या दिवशी पागेमागे गेलो.

तिथे गुलाबसिंग हवालदार शिकवायचे. महूच्या पलटणीतून पेन्शनीत निघालेले. देवासला का आले, त्यांना कुणी ठेवून घेतलं, मला ठाऊक नाही आणि तेव्हा विचारायचं सुचलंही नाही. उंची माझ्या खांद्याएवढी, एक कान फसलेल्या मोदकासारखा चुरगळलेला, बोलणं मोजून-मापून. त्यांनी मला कडुनिंबाखाली उभं केलं. फांदीला कोंडा आणि वाळू भरलेली पिशवी टांगली होती. ती त्यांनी झोक्यासारखी माझ्या तोंडावर सोडली. मी अर्थातच दोन हात मागे उडी मारली.

"सिर हटा," ते म्हणाले. "पाँव नहीं."

झालं, एवढंच शिक्षण. पिशवी येते, पाय आहेत तिथेच राहतात, डोकं तिच्या वाटेतून बोटभर बाजूला होतं. हातभर नाही, बरं का, बोटभर. पिशवी कानाला वारा घालत गेली पाहिजे, आणि ती जाताना डोळे उघडे पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं. मला पहिले पंधरा दिवस ती पिशवी रोज नाकावर बसली. कार्तिकातली थंडी, पायाखाली माळव्याची काळी माती दवाने गार, आणि गार नाकावर लागलेला मार काय असतो ते ज्याला लागलं त्यालाच कळावं. घरी आलं की माई सहाणेवर रक्तचंदन उगाळायला बसायची. तो ओला, लाल, मातकट वास आला की मला अजून आधी नाक दुखतं आणि मग माई आठवते.

सोळाव्या की सतराव्या दिवशी पिशवी आली आणि मी नव्हतो. म्हणजे होतो तिथेच, पण तिला सापडलो नाही. पलीकडे जाऊन ती परत आली, तेव्हाही नाही सापडलो. डोळे उघडे होते. पिशवीवरची शिवण दिसली, तिला चिकटलेलं एक पान दिसलं. काय सांगू तुम्हाला! जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझ्यावर चालून येत होतं आणि मी पळत नव्हतो. त्या क्षणी मी ठरवून टाकलं की काय वाटेल ते होवो, मी हे सोडणार नाही.

हवालदार म्हणाले, "कल से बद्री के साथ."

बद्री तेल्याचा. घाण्याच्या बैलाबरोबर वाढलेला, मानेनं बैल आणि मनानं वासरू. रोज मैदानात येताना मुठीत गूळ-शेंगदाणे आणायचा, आधी मला द्यायचा आणि मग मारायचा. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि काय आश्चर्य, त्याचे चार-पाच ठोसे मी खरंच चुकवले. डावा आला, डोकं उजवीकडे. उजवा आला, डोकं डावीकडे. हवालदारांचा तो चांगला कान जरा माझ्याकडे वळल्यासारखा वाटला. मग आम्ही जवळ भिडलो आणि माझा पाय बद्रीच्या पायावर पडला.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे पाय लागला की नमस्कार. ज्याला लागला त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला. त्यात लहान-मोठं नाही. मोठ्याचा पाय लेकराला लागला तरी मोठ्यानं करायचा. पुस्तकाला लागला, नमस्कार. पाटाला, ताटाला, सुपातल्या गव्हाला. केरसुणीलासुद्धा, कारण ती लक्ष्मी. माई हे बोलून शिकवत नसे. ती नुसती थांबायची. वाढता वाढता हातातली पळी तशीच धरून थांबायची, आणि माझा हात कपाळाला लागल्याशिवाय वरण पानात पडायचं नाही. मी चालायला लागलो तेव्हापासून हे चाललेलं. त्यामुळे तो नमस्कार मी करत नसे, तो व्हायचा. शिंक येते तसा.

तर माझा पाय बद्रीच्या पायावर पडला आणि माझा उजवा हात गाल सोडून खाली गेला, बद्रीच्या पोटाला लागला आणि माझ्या कपाळाकडे निघाला. तो कपाळापर्यंत पोचायच्या आत तिथे बद्रीचा पोचला.

डोळ्यांसमोर काजवे चमकले, ते विझले तेव्हा मी मातीत होतो आणि बद्री घाबरून वर वाकला होता. "यो कईं कर्यो रे भिया? हात क्यों छोड़ दियो?"

"पाय लागला तुला," मी म्हटलं. तोंडात माती होती.

पोरं हसून हसून लोळली. हवालदार हसले नाहीत. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, हात कुठे लावतात, मग कुठे नेतात, किती वेळ लागतो. मग म्हणाले, "माँ ने अच्छा सिखाया है. अब भूल जा."

भूल जा! जसं काही ते उसनं आणलेलं भांडं होतं, परत करून टाकायचं.

त्याच महिन्यात ठरलं की माघात आमच्यापैकी चौघांनी धारला जायचं. धारच्या पागेतली पोरं कुणा दुसऱ्या पेन्शनरानं तयार केली होती, त्यांच्याशी तीन-तीन फेऱ्या. हवालदारांनी सांगून टाकलं, "जिसका हाथ गिरेगा, वो नहीं जाएगा." आणि घरी तात्यांनी आपला हुकूम काढला. तात्या ओरडत नसत. ते दफ्तरातल्यासारखं बोलायचे, अटी घालून. "धारला तीन फेऱ्या उभा राहून ये. राहिलास तर पुढे काय करायचं ते कर, मी आड येणार नाही. पडलास तर सोमवारपासून दफ्तरात. मी बोरू तासून ठेवतो."

दफ्तर मी पाहिलेलं होतं. तात्यांचा डबा द्यायला जायचो. शाई, कुबट कापड, आणि रांगेनं बसलेल्या वाकलेल्या पाठी. साहेब दारातून गेले की त्या पाठी आणखी वाकायच्या. वाईट काही नव्हतं हो त्यात, त्याच्याच भाकरीवर मी वाढलो. पण मला ते नको होतं. मला कडुनिंबाखालची ती बोटभर जागा हवी होती. आणि तिच्या आड दुसरंतिसरं कुणी नाही, माझाच उजवा हात येत होता.

मग सुरू झाली हाताची तालीम. हवालदारांनी आपल्या जुन्या पटक्याची पट्टी फाडली आणि माझं मनगट गालाशी बांधून टाकलं. तसाच मी बद्रीसमोर उभा राहायचो, दात दुखणाऱ्या माणसासारखा. मध्येच हवालदार येऊन माझ्या पायावर पाय द्यायचे, मग मला त्यांच्या पायावर द्यायला लावायचे.

"पाँव लगा?"

"लगा."

"तो?"

"तो कुछ नहीं."

असं दिवसातून पन्नास-पन्नास वेळा. 'तो कुछ नहीं' म्हणताना पट्टीच्या आत हात धडपडायचा, पिशवीत कोंबलेल्या मांजरासारखा. बद्रीनं तर कमालच केली. बाजारात, देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर, हलवायाच्या दुकानापुढे, जिथे भेटेल तिथे तो मुद्दाम माझ्या पायात पाय घालायचा आणि माझ्या हाताकडे टक लावून बघायचा. हात हलला की "गयो! गयो!" म्हणून टाळ्या पिटायचा. एकदा त्याच्याऐवजी एका शास्त्रीबुवांना माझा पाय लागला आणि मी दोन्ही मुठी आवळून नुसता उभा राहिलो. बुवांनी माझ्या सात पिढ्या काढल्या.

तरी जमेना. आठ दिवस मैदानात हात जागेवर राहायचा आणि नवव्या दिवशी पट्टीतून निसटायचा. का ते मला एके दिवशी जेवताना कळलं. उठताना पाटाला पाय लागला आणि हात गेला कपाळाला. सकाळभर शिकायचं आणि दुपारी पाटावर बसून सगळं पुसायचं! रस्त्याच्या या कडेला एक कायदा नि त्या कडेला दुसरा, हे महाराजांना चालत होतं. हाताला कुठली पाती नि कुठलं काय.

मी पंक्तीतून उठलो आणि माईजवळ गेलो. ती चुलीपुढे बसली होती. सांगायला लाज वाटत होती, पण सांगितलं. म्हटलं, "माई, मला घरीही हा नमस्कार बंद करावा लागेल. नाहीतर धारला मार खाईन आणि तात्या मला दफ्तरात घालतील. धारहून येईपर्यंत तेवढी मला मोकळीक दे."

माईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिला मुष्टियुद्ध कळत नव्हतं. माझं नाक तिला कळत होतं.

"धारपर्यंतच ना?" ती म्हणाली.

"धारपर्यंतच."

"मग ठीक आहे. पण याला हो म्हणायला तू मला लावलंस, हे लक्षात ठेव."

मी तिच्या पाया पडलो, आणि तो त्या हिवाळ्यातला माझा शेवटचा नमस्कार. पुढचे दोन महिने मी घरात वागलो ते पाहून परक्या माणसाला वाटलं असतं, काय उर्मट कार्टं आहे. पोथीला पाय लागला, मूठ आवळली. पाटाला लागला, मूठ आवळली. पहिल्या पहिल्यांदा छातीत चर्र व्हायचं. वाटायचं आता वीज पडते. पडली नाही. मग चर्र व्हायचं कमी झालं. आणि एक दिवस तात्यांच्या रुमालात बांधलेल्या दफ्तराला पाय लागला आणि मला मूठ आवळावी लागलीच नाही. मी तसाच बाहेर पडलो, मैदानापर्यंत धावत गेलो आणि हवालदारांना म्हटलं, "गया!" त्यांना बरोबर कळलं. त्यांनी पट्टी सोडली आणि आपल्या खिशात घातली.

मोटारी धुणाऱ्या पोरानं परवा मला विचारलं, "बाबा, कोई सामान गिर गया क्या?" मी जमिनीकडे बघत होतो म्हणून. म्हटलं, नाही रे, काही नाही.

धारला आम्ही दमणीतून गेलो. आधी इंदूर, मग बेटम्याच्या धर्मशाळेत मुक्काम, मग पुढे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अफूची शेतं फुललेली, पांढरी, मध्येच जांभळट, आणि दुपारच्या उन्हात त्यांचा तो गुंगवणारा, कडवट वास. बैलांच्या घुंगरांच्या तालावर बद्री डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत होता, अदृश्य ठोसे चुकवत. बेटम्याला हवालदारांनी स्वतः गोवऱ्यांच्या आरात कणकेचे बाफले भाजले, तुपात बुडवून आम्हाला दिले, पण दोनच. तिसरा मागितला तर म्हणाले, "जीत के खा." ते बाफले अजून जिभेवर आहेत, आणि तिसऱ्याची भूकही.

धारच्या पागेपुढे चुन्याची चौकट आखली होती. पितळी थाळीवर टोला पडला की फेरी सुरू. माझ्यासमोर आला रावजी. तिथल्या पागेवरच्या एका अंमलदाराचा मुलगा, माझ्याच वयाचा, गोरा, नाकेला, केस नीट चापून बसवलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही कळलं की आपण एकाच तऱ्हेच्या घरातले आहोत. सकाळी स्तोत्र, संध्याकाळी परवचा. "तुम्ही देवासचे का?" त्यानं हळूच विचारलं. "हो," मी म्हटलं. टोला पडला आणि त्यानं माझ्या नाकावर एक ठेवून दिली.

पहिली फेरी त्याची. खोटं कशाला सांगू? कडुनिंबाखालची पिशवी एका वाटेनं यायची, हा चारी वाटांनी आला. नाकातून रक्त आलं, ते ओठावर खारट लागलं. कोपऱ्यात हवालदारांनी ओला फडका तोंडावर दाबला आणि म्हणाले, "सिर." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीत मी पाय रोवले. आता मारा. त्याचा डावा आला आणि कानाजवळून वारा घालत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी त्याच्या मोज्यावरची शिवण मला दिसली. हा मला दिसतोय. मला दिसतोय म्हणजे मी पडत नाही. मी त्याच्या बरगडीवर दोन ठेवले. लोक ओरडायला लागले. बद्रीचा आवाज सगळ्यांच्या वर, "वा रे म्हारा भिया!"

तिसरी फेरी. दोघंही दमलेलो, दोघांचेही हात शिशाचे. जवळ भिडलो, त्याचा श्वास माझ्या गळ्यावर लागत होता. आणि रावजीचा पाय माझ्या पायावर पडला.

त्याचा उजवा हात गालापासून सुटला.

फार नाही, वीतभर. माझ्या पोटाच्या दिशेनं तो निघाला. साऱ्या धारमध्ये तो हात कुठे चालला होता हे ओळखणारा मी एकटा होतो. त्याची हनुवटी उघडी पडली. आणि मी मारलं. विचार केला असं नाही, विचार करायला वेळच नव्हता. माझ्या हातानं ते आपोआप केलं.

रावजी खाली बसला. पंचांनी सहापर्यंत मोजलं आणि तो उठला, पण टोला पडला आणि फेरी संपली. त्यांनी माझा हात वर केला. हवालदारांनी मला मिठी मारली, त्यांच्या कानाची ती गाठ माझ्या गालाला रुतली. बद्री नाचत होता. तीन फेऱ्या उभा राहिलो होतो, वर जिंकलो होतो, आणि खरं सांगतो, मला आनंदच झाला होता. भरभरून झाला होता.

थोड्या वेळानं मी हौदावर तोंड धूत होतो. रावजी आला. ओठ सुजलेला, मोजे काढलेले. मला वाटलं हा आता काहीतरी बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं. तो खाली वाकला, माझ्या पायाला त्यानं हात लावला आणि कपाळाला नेला.

"मघाशी राहिला होता," तो म्हणाला. सुजलेल्या ओठानं त्याला धड हसताही येईना. "आमच्या आईसाहेबांना कळलं असतं तर मेलो असतो."

"अहो, राहू द्या," मी म्हटलं. तो गेला. मी तसाच ओल्या तोंडानं उभा राहिलो.

देवासला परतलो त्या दिवशी तात्या ओसरीवर बसले होते. शेजारी तासलेले बोरू रांगेनं मांडलेले. बद्रीनं रस्त्यातूनच ओरडून सगळ्या आळीला बातमी दिली होती. तात्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं, बोरू गोळा केले आणि स्वतःच्या कलमदानात ठेवले. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. पुढे त्यांनी कधीच आडकाठी केली नाही. मी शाळेत ड्रिलमास्तर झालो आणि पुरती तीस वर्षं माळव्यातल्या पोरांना डोकं हटवायला आणि पाय न हटवायला शिकवलं.

पण ते नंतर. त्या दिवशी मी 'माई! माई!' करत आत धावलो. ती मधल्या घरात गहू निवडत बसली होती. घाईत माझा पाय तिच्या गुडघ्याला लागला, चांगला जोरात. मी तसाच पुढे गेलो, वळलो आणि सांगायला सुरुवात केली, पहिली फेरी अशी, दुसरी तशी. माई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. मी बोलायचा थांबलो. मीही हाताकडे पाहिलं. तो आपला नुसता लोंबत होता.

मी खाली बसून घाईघाईनं तिच्या गुडघ्याला हात लावला, कपाळाला नेला. "धार झालं ना, माई. आता करतो. आता पुन्हा सुरू."

"जिंकलास ना?" तिनं विचारलं.

"जिंकलो."

"मग असू दे," ती म्हणाली आणि गहू पुढे ओढले.

तिसऱ्या फेरीचं मी तिला सांगितलं नाही. कधीच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा तालमीला लागलो. जितक्या जिद्दीनं तो नमस्कार घालवला होता तितक्याच जिद्दीनं परत आणायचा, असं ठरवलं. हट्टी तर मी आहेच. पायात मुद्दाम पाट ठेवायचो, पुस्तकं ठेवायचो. पाय लागला, चल, हात. पाय लागला, चल, हात. हात जायचा, नाही म्हणत नसे. पण आधी मी सांगायचो आणि मग तो जायचा. मधे एक अंतर पडलेलं, पापणी लवायला लागतं तेवढं. ते काही केल्या मिटेना. वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. माझ्या मुलांचे इवलाले हात माईच्या नुसत्या थांबण्यानं आपोआप कपाळाला जायला लागले. मी बघायचो. माझा त्यांच्यामागून जायचा.

मला वाटे, हे अंतर दुसऱ्या कुणाला काय दिसणार? मलाच ठाऊक.

माई पुष्कळ थकली होती तेव्हाची एक दुपार आहे. मी चाळिशीला आलेलो, शाळेतून येऊन अंगरखा काढत होतो. ती भिंतीला टेकून वाती वळत बसली होती. माझा पाय तिच्या कापसाच्या परडीला लागला. मी वाकलो, परडीला हात लावला, कपाळाला नेला. माईनं मान वर केली. डोळे पार अधू झाले होते, पण बघत होती माझ्याचकडे. आणि इतक्या मायेनं म्हणाली, जसं नुकतं चालायला लागलेल्या लेकराला म्हणावं,

"तुझा नमस्कार आता छान होतो हो."

माझ्या मुलांना ती असं कधी म्हणाली नव्हती. आपोआप होणाऱ्या गोष्टीला कोण छान म्हणतं? म्हणजे तिला दिसत होतं. त्या गव्हाच्या दिवसापासून, प्रत्येक वेळी, ते सगळं तिला दिसत आलं होतं.

धारच्या तिन्ही फेऱ्यांत मला इतका नेमका ठोसा कुणी मारला नव्हता. आणि हा एक चुकवावा, असं मला वाटलंही नाही.